मुकादमला घेऊन सीमेपलीकडे

घण्या माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव घरच्यांनीही केव्हाच सोडून दिलं होतं. आम्ही दोघांनी उभी हयात एकाच टोळीत काढली. काम इमारती पाडण्याचं. बांधणाऱ्यांचे फोटो निघतात. पाडणाऱ्यांकडे कोणी बघत नाही, धूळ आली की खिडक्या तेवढ्या लावून घेतात.

टोळीतला सगळ्यात जड घण तो उचलायचा, म्हणून घण्या. त्याचं काम मला कधी पुरतं पसंत पडलं नाही. ताकद होती, पण ती तो उधळायचा. भिंतीला सांधा असतो. तो शोधून घाव घातला की भिंत स्वतःच वाट देते. घण्या सांधा शोधायचा नाही. भिंतीने आईवरून शिवी दिल्यासारखा तिच्यावर तुटून पडायचा. त्याचा डावा डोळा गेला तोही त्यातच. चष्मा कपाळावर होता आणि विटेची कपची डोळ्यात घुसली. गालावरून रक्त वाहत असताना त्याने आधी ती भिंत पाडली, मग दवाखान्यात गेला. टोळीतले लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. डोळा वाचला असता.

माणसांशीही तो तसाच वागायचा. एका ठेकेदाराला त्याने कॉलर धरून जिन्याच्या पोकळीवर लोंबकळत ठेवलं होतं. का, तर ढिगाऱ्याखाली मेलेल्या मजुराचा विषय निघाला तेव्हा ठेकेदार "तो एक गेला ना तुमच्यातला" असं म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मिळून घण्याची बोटं सोडवली, तीही ठेकेदाराला पायाखाली जिना मिळाल्यावरच.

कुत्रा त्याला एका बंद पडलेल्या कारखान्यात मिळाला. पहारेकरी निघून गेला आणि कुत्र्याला साखळीवरच सोडून गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो हाडांचा सापळा होता, पण जवळ येईल त्याला फाडत होता. घण्या साखळी तोडायला वाकला आणि कुत्र्याने त्याचा दंड धरला. घण्याने ओरडायचं, झटकायचं, काहीच केलं नाही. मान वळवली आणि कुत्र्याच्या कानाला कडकडून चावला. मी तिथे उभा होतो, म्हणून सांगतो. दोघे बराच वेळ तसेच एकमेकांना धरून होते. आधी कुत्र्याने सोडलं. त्या कानाचा तुकडा कायमचा गेला आणि घण्याच्या दंडावर दातांची रांग कायमची राहिली.

मग कुत्रा रोज कामावर येऊ लागला. सावलीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, स्वतः काडी हलवायचा नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. खऱ्या मुकादमाला ते लागलं. "माझ्या नावाने कुत्र्याला हाक मारता?" असं तो म्हणाला. घण्या म्हणाला, "तुमच्या नावाने नाही, तुमच्या हुद्द्याने."

घण्याची बायको आजारात गेली. एकच लेक. ती लग्न करून पलीकडच्या देशात गेली. ज्या दिवशी जावई तिला न्यायला आला, त्या दिवशी दारात त्याने तिच्या हातातली बॅग ओढली आणि म्हणाला, "किती वेळ लावतेस." एवढंच. घण्याने त्याचे पुढचे दोन दात पाडले. लेक ओंजळीत नवऱ्याचे दात घेऊन गाडीत बसली. त्यानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं. तिला मुलगी झाली, तेही आम्हाला दुसऱ्याकडून कळलं.

मग एकदा तिचा फोन आला. घण्या आमच्याकडेच जेवत होता. बायकोने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बाबा, पोर चालायला लागली. या. आवडलं तर राहा इथेच."

घण्याचा घास हातातच राहिला.

"पण आधीच सांगते. यांनी कष्टाने हो म्हटलंय. तुम्ही पुन्हा कोणावर हात टाकलात, कोणावरही, तर माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही. मग कारण ऐकणार नाही मी."

"मुकादमला आणू?" घण्याने एवढंच विचारलं.

ती पलीकडे हसली की रडली, कळलं नाही. "आणा. त्याच्या तोंडाला जाळी बांधा. तुमच्या हातांना काय बांधायचं ते तुम्हीच बघा."

एकच डोळा असल्याने त्याला गाडी चालवायची परवानगी नव्हती. माझा जुना पिकअप होता. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही सोबत जा. त्याला एकट्याला पाठवलं तर तो सीमेवरच कोणाला तरी आडवा करेल."

"आणि मी काय करू? मलाही दोनच हात आहेत."

"तुमचे रिकामे असतात ना. त्याचे धरून ठेवा."

निघण्याआधी कुत्र्याच्या सुया टोचून झाल्या, कागद झाले. पट्ट्यावर लेकीचा पत्ता आणि नंबर कोरलेली चकती लावली, कारण पलीकडे तसा नियम होता. मागे घण्याचा बिछाना, एक पत्र्याची पेटी आणि नातीसाठी लाकडी घोडा. घोडा त्याने स्वतः केला होता. पाय एकसारखे नव्हते. मी म्हटलं, पाय घासून सारखे कर. तो म्हणाला, "भाऊजी, पोर बसली की होतील सारखे." असं कधी होत नाही.

मुकादम आमच्या दोघांच्या मध्ये बसायचा. घाटात त्याने माझ्या मांडीवर ओकून ठेवलं. घण्या म्हणाला, "मुकादम तुमच्या गाडी चालवण्यावर नाराज आहे." मी गाडी थांबवून पँट धुतली.

पहिली परीक्षा पेट्रोल पंपावर झाली. एका ट्रकवाल्याने आमच्या खिडकीवर टेकून सिगारेट ओढली आणि जळतं थोटूक मुकादमच्या नाकावर टिचकीने मारलं. कुत्रा किंचाळला. ट्रकवाला हसला. घण्याने दार उघडायला आतली मूठ धरली. मी म्हटलं, "लेक." एवढा एकच शब्द. त्याने मूठ सोडली नाही, पण फिरवलीही नाही. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या आल्या होत्या. ट्रकवाला निघून गेला तेव्हा मूठ दारातून उखडून घण्याच्या हातात आली होती.

"नवीन बसवून देतो," तो म्हणाला.

त्यानंतर ते दार बाहेरूनच उघडावं लागलं.

सीमेवर दुसरी. तिथल्या शिपायाने मुकादमला गाडीतून उतरवायला काठी पोटात खुपसली, गरज नसताना. मुकादम जाळीतून गुरगुरला. शिपायाने दुसऱ्यांदा खुपसली, मग तिसऱ्यांदा, आता नुसती गंमत म्हणून. घण्या बाकावर बसला होता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. डोळा मिटून घेतला. शिक्का बसल्यावर तो उठला, तेव्हा बाकाच्या फळीची कड त्याच्या बोटांवर उमटली होती आणि दोन नखांखाली रक्त साकळलं होतं.

"जमलं," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "भाऊजी, जमलं की नाही?"

"जमलं," मी म्हटलं. ते खरंच सोपं नव्हतं. त्याने घण उचलला तेव्हा कधी त्याला दाद दिली नव्हती, पण त्या बाकावरची मेहनत मी बघितली होती.

पलीकडचे रस्ते रुंद होते आणि पाट्या वाचता येत नव्हत्या. लेकीचं गाव जवळ आलं तशी त्याने काचेत बघून दाढी केली, चालत्या गाडीत, आणि हनुवटी कापून घेतली. मग सकाळच्या उन्हात, गावाच्या अलीकडे, आम्हाला तो आवाज ऐकू आला. जुनी वीट पडतानाचा आवाज काँक्रीटसारखा नसतो. तो भरलेलं पोतं टाकल्यासारखा येतो आणि मागून खडखड येते. मी न विचारता गाडी वळवली. त्यानेही का म्हणून विचारलं नाही.

एक लांबलचक गोदाम पाडत होते. लांब हाताचं यंत्र, कामगार मोजकेच, भोवती तारेची जाळी. फाटकाशी पिवळी टोपी घातलेला त्यांचा म्होरक्या उभा होता. मी त्याला हातवारे करून सांगितलं, आम्हीही हेच. घण्याने दोन्ही हातांनी घण मारून दाखवला. टोपीवाला हसला. त्याने आम्हाला आत घेतलं, बुटाने जमिनीवर रेघ ओढली आणि बोट हलवलं. या पुढे नाही. आम्ही मान डोलावली. चांगला माणूस होता. काम नीटनेटकं होतं, राडारोडा एका अंगाला, येण्याजाण्याची वाट मोकळी.

आता जे झालं ते समजायला आमच्या टोळीच्या दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

आमचा पहिला नियम असा की उभ्या भिंतीजवळ काहीही बांधलेलं ठेवायचं नाही. पूर्वी मलबा वाहणारं एक गाढव खुंटीला बांधलेलं होतं, भिंत उलटली आणि ते दोरीच्या टोकाशी उभं राहून मेलं. तेव्हापासून माणसाच्या कमरेला दोरी नको, जनावराच्या गळ्यात नको. म्हणून रेघेशी पोचल्याबरोबर घण्याने मुकादमची दोरी सोडली आणि तोंडावरची जाळीही काढली. सीमेवर आम्हाला बजावलं होतं की कुत्रा सतत बांधलेला हवा. लेकीनेही जाळी बांधायला सांगितलं होतं. पण घण्याचे हात त्याला न विचारता चालले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथे आमच्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. आम्ही भिंत दोन टप्प्यांत पाडायचो. आधी वरचा अर्धा. तो पडला की सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची, धूळ बसू द्यायची आणि पडलेल्या ढिगावर बसूनच डबे उघडायचे. खालचा अर्धा जेवणानंतर. मुकादमची सगळी वर्षं यात गेली. वरचा अर्धा पडल्याचा आवाज आला की तो धावत जाऊन ढिगावर बसायचा. घण्या मग त्याला पाव द्यायचा.

या लोकांची पद्धत वेगळी होती. वरचा अर्धा यंत्राने ढकलायचा आणि खालचा त्याच्या मागोमाग, मध्ये न थांबता.

वरचा अर्धा पडला. मुकादम सुटला.

घण्याने हाक मारली, पण यंत्राच्या आवाजात ती गेली कुठे कळलं नाही. कुत्रा धुळीत शिरला. घण्या रेघ ओलांडून धावला. टोपीवाल्याने मागून झेप घेऊन त्याला कमरेत मिठी मारली.

घण्याने मागे बघितलंच नाही. कोपर मागे हाणलं. टोपीवाल्याचं नाक फुटल्याचा आवाज मला यंत्रापेक्षा स्पष्ट ऐकू आला. मिठी सुटली नाही. घण्या वळला आणि त्याने त्याच्या तोंडावर मुठी चालवल्या, एकामागून एक, जशा तो भिंतीवर चालवायचा, सांधा न बघता. टोपी उडाली. माणूस खाली पडला. मी घण्याचा दंड धरला तर त्याने मलाही भिरकावलं, मी विटांवर पाठीवर पडलो. तो पुन्हा धावायला निघाला. खाली पडलेल्या माणसाने त्याचा पाय धरला. तोंड रक्ताने भरलेलं, एक डोळा मिटलेला, तरी त्याने दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. घण्याने त्याच्या खांद्यावर लाथ घातली. त्याने सोडलं नाही.

तेवढ्यात खालचा अर्धा आला. आमच्यापुढे, घण्या जिथे असता तिथेच. जमीन हलली आणि सगळं पांढरं झालं.

यंत्र थांबलं. धुळीतून कुत्र्याचा आवाज आला आणि बंद झाला.

घण्या ढिगावर चढायला निघाला. टोपीवाला त्याच्यावर ओरडला. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. ढिगावर चढलं की वजन खालच्यावर येतं. हे घण्याला माझ्याइतकंच माहीत होतं, पण त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. टोपीवाला उठला, बाहीने तोंड पुसलं आणि कडेला गुडघ्यांवर बसून विटा काढायला लागला. त्याचे लोक आले, मी गेलो. आम्ही साखळी केली. वीट हातातून हातात, वरून खाली नाही, कडेने आत. घण्या मध्ये बसला. रक्त कोणाचं कोणावर पडत होतं ते बघायला कोणाला वेळ नव्हता. मुकादम एका लाकडी तुळईखाली सापडला. जिवंत होता. मागचा पाय राहिला नव्हता म्हणण्यासारखाच. घण्याने त्याला उचललं तेव्हा त्याने घण्याच्या हाताचा चावा घेतला, हाडापर्यंत, आणि घण्याने तो तसाच घेऊ दिला.

त्यांच्यातल्या एकाने कुत्र्याला आपल्या गाडीतून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. टोपीवाल्याने तोंड धुतलं, नाकात कापूस भरला आणि मग पोलिसांना बोलावलं. आधी काम, मग तक्रार. मला ते पटलं.

पोलीस ठाण्यात आमची भाषा कोणाला येत नव्हती. कुत्र्याच्या पट्ट्यावरचा नंबर त्यांनी लावला. दुपारी लेक आली. लॉन्ड्रीत कामाला होती, अंगावर तोच निळा कोट. तिने आधी बापाचे हात बघितले. सुजलेले, बोटांची सालं निघालेली. मग टोपीवाल्याचं तोंड बघितलं. खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आतोबा, तुम्हाला लागलंय का?"

"पाठीला थोडं. पडलो."

"पडलात का पाडलं?"

मी शर्टावरची विटेची धूळ झटकत राहिलो. ती समजली.

टोपीवाला काहीतरी बोलला. तिने ते बापाला सांगितलं. "ते म्हणतात, मी धरलं नसतं तर तू मेला असतास."

"माहीत आहे," घण्या म्हणाला.

तिने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. टोपीवाल्याने पुन्हा विचारलं.

"विचारतात, मग मारलंस का?"

खोटं बोलणं घण्याला कधी जमलं नाही. "धरलं म्हणून."

लेकीने टेबलाकडे बघत ते एका वाक्यात सांगून टाकलं. टोपीवाल्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि पोलीस बाईकडे बघून मान हलवली. तक्रार नको. जाताना त्याने घण्याकडे बोट करून काही सांगितलं. ते लेकीने आम्हाला सांगितलं नाही.

बाहेर पिकअपशी आलो. लाकडी घोडा मागे आडवा पडला होता.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"कारण ऐकणार नाही म्हटलं होतं. तरी ऐकलं, मीच तोंडाने बोलून दाखवलं दुसऱ्या भाषेत. त्या माणसाने तुम्हाला मागून मिठी मारली आणि तुम्ही कोण आहे ते बघितलंसुद्धा नाही. माझी पोर सगळ्यांना मागून येऊन मिठी मारते. मी भाजी चिरत असते तेव्हा माझ्या पायांना, यांना जिन्यावर. तिला तीच सवय आहे. तुम्हाला एक डोळा, डावीकडून काही दिसत नाही. सांगा मला, मी काय करू?"

घण्या दाराला टेकून उभा होता. मला वाटलं आता तो काहीतरी फोडेल. त्याने हात खिशात घातले.

"मुकादम?" तो म्हणाला.

"पाय काढलाय त्याचा. डॉक्टर म्हणतात, परतीचा एवढा प्रवास त्याला झेपायचा नाही. माझ्याकडे राहील."

"चावतो."

"तो बघून चावतो, बाबा. मला माहीत आहे."

 

आम्ही दोघे काही दिवस तिथे गाडीतच राहिलो, दवाखान्याच्या आवारात. घण्या पिंजऱ्याशी बसून मुकादमला हाताने भरवायचा. ज्या दिवशी मुकादमला सोडलं, त्या दिवशी जावई आला. नवे दात चांगले बसवले होते. तो घण्याशी बोलला नाही, पण त्याच्या वाटेतून बाजूलाही झाला नाही. त्याने पट्ट्या बांधलेल्या कुत्र्याला दोन्ही हातांवर घेतलं. मुकादम गुरगुरला. घण्या म्हणाला, "पोटाखाली हात द्या. मागचा भाग लोंबकळू देऊ नका." जावयाने हात बदलला. त्यांच्यात बोलणं झालं ते एवढंच.

लेक शेवटी गाडीशी आली. घोडा तिने घेतला. "पोहोचलात की फोन करा."

"करतो. पण कुत्र्याला माझा आवाज ऐकवू नकोस फोनवर. सैरभैर होईल, टाके तुटतील."

"नाही ऐकवणार."

"आणि पाव देऊ नकोस त्याला घरात. ढिगावर बसायची सवय आहे, पाव दिसला की बाहेर पळेल."

ती मान डोलवत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिने "या" म्हटलं नाही, आणि घण्याने ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तो दाराशी गेला, माझ्यासाठी थांबला, कारण ते दार बाहेरून उघडावं लागत होतं आणि त्याचे हात पट्ट्यांत होते. मी उघडलं. जावयाच्या गाडीतून मुकादम भुंकायला लागला. घण्याने समोर बघून सांगितलं, "भाऊजी, निघा. लवकर निघा."

मी गाडी काढली.

आता तो आमच्या मागच्या खोलीत राहतो. बायको त्याच्या मागून कधी जात नाही, समोरून हाक मारूनच जाते. तिला तसं करताना बघून तो मान खाली घालतो. मुकादम तीन पायांवर जिना चढतो आणि पोरीच्या पलंगाखाली झोपतो असं लेक सांगते. घण्या हे सगळं फोनवर ऐकून घेतो, हूं हूं करतो. अजून त्याला बोलावणं आलेलं नाही.